लंडनहून आलेलं पत्र

महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या दगडी पुलाच्या नावाने लंडनहून एक पत्र आलेलं असतं. मजकूर सगळीकडे सारखाच. आम्ही बांधलेल्या पुलाला शंभर वर्षं पूर्ण झाली, आमची जबाबदारी संपली, यापुढची वाहतूक आपल्या हिमतीवर चालू ठेवावी, कळावे. पत्र कुणाला आलं याबद्दल मात्र मतभेद आहेत. कुठे ते कलेक्टरसाहेबांना आलं, कुठे नगरपालिकेला, तर कुठे म्हणे पोस्टमास्तरांनीच फोडून वाचलं आणि त्यांना इंग्रजी येत होतं म्हणून गावाला कळलं. पत्र प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्याच्या मेव्हण्याने पाहिलं असा माणूस मात्र दर गावात असतो, आणि सकाळी चहाच्या टपरीवर हमखास सापडतो.

या पत्राबद्दल बोलताना लोकांच्या आवाजात आदर येतो. "याला म्हणतात काम! साहेब गेला, साहेबाचं राज्य गेलं, पण कंपनीच्या फायलीत आपला पूल आहे." आपल्या बांधकाम खात्याच्या फायलीत तो आहे का, हे विचारायचं त्या भरात राहून जातं. पत्राच्या जोडीला आणखी दोन कथा ठरलेल्या. एक म्हणजे पूल पुरा झाल्यावर इंग्रज इंजिनिअर बायकोमुलांसह पुलाखाली उभा राहिला आणि वरून वाहनं सोडायला लावली. दुसरी म्हणजे दगडांच्या सांध्यात शिसं ओतलं आहे. ही शिशाची कथा किल्ल्यांकडून पुलांकडे आली असावी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सांध्यात असतो तो चुना. पण चुन्याला कथेत भाव नाही.

कंपनीचं म्हणाल, तर पुण्याचाच हिशेब करून पाहावा. शनिवारवाड्याजवळ मुठेवर नवा पूल आहे. तो सप्टेंबर 1923 मध्ये सुरू झाला, म्हणजे या नव्या पुलाने शंभरी ओलांडली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने तो आधी लॉइड ब्रिज होता, मग शिवाजी पूल झाला, आणि पुणेकरांच्या तोंडी नवा पूलच राहिला. पुण्यात एकदा मंजूर झालेलं नवेपण सहसा काढून घेत नाहीत. थोडं वरच्या अंगाला लकडी पूल आहे. तो पेशवाईत लाकडाचा होता, इंग्रजी अमदानीत दगडाचा झाला, पण गावाने त्याची नोंद घेतली नाही. तर या नव्या पुलाचे कंत्राटदार होते रावबहादूर गणपतराव केंजळे. पत्र यायचंच असेल तर ते केंजळ्यांकडून यायला हवं, आणि तेही मराठीतून.

सांगलीचा आयर्विन पूलही असाच. कृष्णेवरचा हा दगडी कमानींचा पूल सांगली संस्थानाच्या अमदानीत झाला आणि 1929 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तो खुला केला. पुढे 1931 मध्ये गांधीजींशी करार करून आयर्विन आपल्या शाळेच्या पुस्तकात शिरले. मायदेशी ते लॉर्ड हॅलिफॅक्स झाले, परराष्ट्रमंत्री झाले, 1940 मध्ये पंतप्रधानपद त्यांच्या अगदी दारात येऊन चर्चिलकडे वळलं. सांगलीकरांना यातलं काही सांगू जाल तर ते सौजन्याने ऐकून घेतील. सांगलीत आयर्विन हे पाणी मोजायचं माप आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली की घराघरांत, रिक्षात, भेळेच्या गाडीवर एकच प्रश्न: "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येतं. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 38 म्हटलं की म्हातारी माणसं पाटावर बसून जेवतात, 42 म्हटलं की नदीकडच्या गल्ल्यांत सामान माळ्यावर चढायला लागतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये हा आकडा 57 फुटांपर्यंत गेला, आणि त्या दिवसांत प्रश्न विचारणारेही गप्प झाले. नाशिककर हेच काम गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीवर सोपवतात. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, असं मोजतात. देवाने आणि व्हाइसरॉयने महाराष्ट्रात सारख्याच हुद्द्यावर काम करावं, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

आयर्विनच्या कमानी पाहाव्यात त्या थंडीत, नदी संथ असताना. पाण्यात उलटी कमान पडते आणि वरची-खालची मिळून एक पुरी आकृती होते. पावसाळ्यात हळूहळू कमानी बुटक्या होत जातात. आधी खांब जातात, मग कमानीचे पाय, मग उरतो तो फक्त वरचा बाक. कठड्याला टेकून हे बघणाऱ्यांची गर्दी पोलिसांना हाकलावी लागते. पुराच्या वेळी पुलावर जाऊन उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे, पण ज्या गोष्टीवर आपला इतका विश्वास आहे तिच्यावरच उभं राहून संकट बघावं, अशी ओढ माणसाला असावी.

हा विश्वास वेडगळ म्हणता येत नाही, कारण कमान ही मुळात पडण्याच्या धडपडीतून उभी राहिलेली गोष्ट आहे. दगडाचा स्वभाव एकदा समजून घेतला की बाकीचं कोडं सुटतं. दगड दाबला तर वाटेल तेवढं सोसतो, ताणला तर लगेच रुसतो. दोन खांबांवर लांब शिळा आडवी टाकली आणि वरून बैलगाडी नेली, तर शिळेचं पोट ताणलं जातं आणि तिथून ती तडकते. म्हणून नुसत्या शिळा टाकून केलेले पूल लहान ओढ्यांपलीकडे जात नाहीत. कमान काय करते, तर दगडाला ताण सोसायची वेळच येऊ देत नाही. पाचरीच्या आकाराचे दगड गोलाईत लावायचे. प्रत्येक दगडाला खाली पडायचं आहे, पण दोन्हीकडचे शेजारीही त्याच विचारात असल्यामुळे कुणालाच वाट मिळत नाही. सकाळी साडेआठच्या विरार लोकलमध्ये कुणी पडल्याचं ऐकलंय? तिथे तोल सांभाळायला कौशल्य लागत नाही, गर्दी लागते. आणखी चार जण घुसले की माणूस आणखी पक्का उभा राहतो. कमानीवर ओझं आलं की तीही तशीच आणखी आवळून बसते. सगळी रेटारेटी शेवटी दोन टोकांना काठावरच्या भक्कम बांधकामावर जाऊन थडकते. ती टोकं सरकली नाहीत म्हणजे झालं.

अडचण एवढीच, की ही गर्दी पुरी होईपर्यंत गाडी सुटत नाही. शेवटचा दगड, कळीचा, माथ्यावर बसेपर्यंत कमान म्हणजे नुसता दगडांचा ढीग असतो. तोवर तो तोलून धरायला खाली लाकडी सांगाडा लागतो, ज्याला आपले गवंडी सेंट्रिंग म्हणतात. सेंट्रिंग काढायचा दिवस हा पुलाच्या आयुष्यातला खरा परीक्षेचा दिवस. कमान किंचित खाली बसते, सांधे आवळतात, कुठेतरी चुन्याची कपची उडते. मिस्त्री त्या दिवशी जेवत नसावेत. इंजिनिअरच्या बायकोमुलांची कथा या दिवसाच्या धास्तीतूनच जन्मली असेल.

कमानीच्या देखणेपणाचं रहस्यही इथेच आहे. तिच्या आकारात शोभेसाठी केलेलं काही नाही. ओझं ज्या वाटेने जमिनीकडे जातं, ती वाट म्हणजेच आकार. खांबांना पाण्याच्या वरच्या बाजूला निमुळतं नाक असतं, ते पाणी आणि वाहून आलेली झाडं दुभागायला. आपल्या काळ्या पाषाणातले हे पूल भर पावसात, ओले असताना सर्वांत चांगले दिसतात. फोटो काढणारे मात्र नेमके कोरड्या दिवसांत नवरा-नवरीला घेऊन येतात. आता आपल्या गावांतली दुसरी कमान आठवा, स्वागत कमान. तिच्या दोन खांबांवर चौदा चेहरे असतात, वर वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, आणि ओझं म्हणाल तर फ्लेक्सचं. वावटळ आली की आधी तीच झोपते.

चुन्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण शिशाने त्याचं श्रेय पळवलं आहे. चुना सिमेंटसारखा घाईने कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो वर्षानुवर्षं पुन्हा दगड व्हायच्या मागे असतो. घाण्यात बैल फिरवून तो मळायचा, त्यात कुठे गुळाचं पाणी, कुठे हिरड्याचा काढा घालायचा. त्याच्या अंगात थोडी सैल वृत्ती असते. दगड उन्हात फुगले, थंडीत आखडले तरी तो सांभाळून घेतो, आणि बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळून तिथेच पुन्हा गोठतो. त्यामुळे दगडी कमानीच्या पुलाला सिमेंटच्या पुलासारखे जोड नसतात. नव्या पुलावर एक गाळा संपून दुसरा सुरू झाला की पाठीचा मणका सांगतो. जुन्या पुलावर नदी केव्हा ओलांडली ते एसटीत झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

हमीपत्राचीच हौस असेल, तर खरं हमीपत्र वेल्समध्ये सापडतं. पाँटिप्रीद गावी टॅफ नदीवर पूल बांधायचं काम 1746 मध्ये विल्यम एडवर्ड्स नावाच्या गवंड्याने घेतलं. शिकलेला इंजिनिअर नव्हे, हाताने शिकलेला गवंडी, आणि रविवारी प्रवचन करणारा. पूल सात वर्षं टिकवून दाखवीन, अशी हमी त्याने करारात दिली होती. साधारण दोन वर्षांत पुरात झाडंझुडपं वाहून आली, खांबांना अडकली, मागे पाणी तुंबलं आणि पूल गेला. आता करार म्हणजे करार. एडवर्ड्सने ठरवलं की खांबच नको, एकाच कमानीत नदी ओलांडायची, 140 फूट. तीही पडली, आणि पडली ती अशी की ऐकणाऱ्याला खोटं वाटावं: माथा खाली यायच्या ऐवजी वर उचलला गेला. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर रस्त्याच्या पातळीपर्यंत दगडमातीची भरती असते. ती इतकी जड झाली की तिने खांदे खाली दाबले आणि मधला हलका माथा वर फेकला. दुसरा कुणी असता तर गाव सोडून गेला असता. याने खांद्यांत दोन्हीकडे तीन-तीन मोठी गोल भोकं ठेवली, वजन उतरवलं, आणि 1756 मध्ये पूल उभा राहिला. तो आजही उभा आहे. सात वर्षांची हमी पुरी होऊन अडीचशेवर वर्षं झाली. चीनमध्ये हबेई प्रांतात ली चुन नावाच्या मिस्त्रीने हीच युक्ती इसवी सन 605 च्या सुमारास करून ठेवली होती, 37 मीटरची कमान आणि खांद्यांत खिडक्या. पण ती वार्ता वेल्सपर्यंत पोचायला वाटेत बरेच पूल लागले असते.

एडवर्ड्सच्या पुलाची एक गंमत राहिली. त्याचा चढ इतका उभा झाला की मालगाड्या चढवताना घोड्यांचा जीव जाई आणि उतरवताना गाडीवानाचा. शंभर वर्षांनी, 1857 मध्ये, लोकांनी कंटाळून त्याला खेटून दुसरा सपाट पूल बांधला. टिकणं ही एक गोष्ट आणि सोयीचं असणं ही दुसरी. एडवर्ड्सच्या करारात फक्त पहिलीच होती.

स्पेनमधल्या अल्कांताराच्या पुलाचं हमीपत्र तर पुलाशेजारच्या देवळावरच कोरलेलं आहे. रोमन बादशहा ट्रेजनच्या काळात, 106 च्या सुमारास, कायस युलियस लासेर याने तो बांधला आणि हा पूल जगाच्या अंतापर्यंत राहील असं लिहून ठेवलं. पुराने त्याला खोटं पाडलेलं नाही. पुढच्या काळात कमानी उडवल्या गेल्या त्या लढायांत, माणसांच्या हातून, आणि परत बांधल्या त्याही माणसांनीच.

साहेबाचं काम म्हणजे पक्कं, या श्रद्धेला सर्वांत मोठा धक्का आपल्या घरातच बसला होता, पण त्याची लोककथा झाली नाही. भोर घाटातून रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. ऐन भरात तिथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी पुढे चालवलं आणि तडीस नेलं. या बाईंचं नाव घाटातून जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल? तर या घाटातला 50-50 फुटांच्या आठ कमानींचा एक दगडी पूल 1867 च्या पावसाळ्यात कोसळला. घाट सुरू होऊन पुरती चार वर्षं झाली होती. चौकशीत दगडकामच निकृष्ट निघालं. तेव्हा लंडनहून खरोखरच भरपूर पत्रं आली असणार, पण त्यांचा सूर वेगळा असेल. साहेबाचे वाईट पूल साहेबाच्या हयातीतच पडून गेले आणि आपल्या वाट्याला चांगलेच तेवढे उरले. त्यावरून आपण सगळ्या साहेबांना पास करून टाकलं.

गोव्यात पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ता मांडवीच्या कडेने, मिठागरांच्या बाजूने जातो, तो पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काउंटने 1634 मध्ये बांधलेल्या पुलावरून. जांभ्या चिऱ्यांच्या कमानी, लांबी तीन किलोमीटरच्या आसपास, वर अजूनही वाहतूक. त्याच पणजीत मांडवीवर 1970 मध्ये खुला झालेला नवा पूल जुलै 1986 मध्ये पडला. लिस्बनहून मात्र कुणी पत्र पाठवल्याचं ऐकिवात नाही. गोव्यात लोक अशी टपालं फारशी मनावर घेत नसावेत.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा 1928 मधला कमानींचा पूल पुरात गेला. दोन एसटी बसगाड्या अंधारात नदीत पडल्या. त्या रात्रीबद्दल गमतीने लिहिण्यासारखं काही नाही. नवा पूल 165 दिवसांत झाला आणि पुढच्या जूनमध्ये सुरू झाला, हे कौतुकाचं आहेच. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मला सर्वांत जास्त ऐकू आलं ते हेच: "कंपनीने पत्र पाठवलं होतं हो, यांनीच लक्ष दिलं नाही." म्हणजे पुलाची काळजी घ्यायला सातासमुद्रापलीकडचा कुणी अनोळखी कारकून होता, आणि आपल्याकडे कमी पडलं ते फक्त टपाल वाचणं.

वास्तविक कमानीच्या पुलाला शंभर वर्षांची मुदत नसते. सिमेंटच्या पुलात लोखंड असतं, ते गंजतं. कमानीत गंजण्यासारखं काही नाही, आणि वरच्या ओझ्याने ती क्वचितच हरते. तिचे शत्रू खालून आणि सांध्यांतून येतात. पूर खांबाच्या बुडाशी भोवरा करतो आणि तिथली वाळू-माती उकरून नेतो. नदीतली वाळू उपसली की तेच काम आपण पुराच्या आधी करून ठेवतो. वरून पूल तसाच ऐटीत दिसतो, खाली पाया उघडा पडत असतो. हे पाहायला पाणी ओसरल्यावर माणूस खाली उतरवावा लागतो, प्रसंगी पाणबुड्या. आपण त्याऐवजी पुलाच्या तोंडाशी 'अवजड वाहनांस बंदी' अशी पाटी लावतो आणि उंची अडवायला एक लोखंडी आडवा पाइप ठोकतो. काही दिवसांनी एखादा ट्रक तो पाइप नेतो. मग पाटी एकटी राहते.

दुसरा शत्रू पिंपळ. पक्षी बी टाकतात, चुन्याच्या सांध्यात ते रुजतं, पहिल्या वर्षी दोन-चार पानं दिसतात आणि ती दिसायला गोडच असतात. मुळं ओल शोधत आत घुसतात, जाड होतात आणि ज्या दगडांना हजारो गाड्यांनी हलवलं नाही त्यांना बाजूला सारतात. कमानीच्या साऱ्या शक्तीचं मर्म दगडांच्या गर्दीत आहे, आणि पिंपळ नेमकी तीच मोडतो. पण पिंपळ तोडायला कुणी तयार नसतो. त्यावर मुंजा असतो. गॅंगमन कुऱ्हाड टेकून म्हणतो, "साहेब, आधी तुम्ही एक घाव घाला." साहेबालाही लेकरंबाळं असतात. तो शेरा मारतो, 'पुढील आर्थिक वर्षात', आणि पिंपळाला आणखी एक पावसाळा मिळतो.

म्हणून विनंती आहे. तुमच्या गावच्या पुलाखाली येत्या मे महिन्यात, नदी आटलेली असताना, एकदा जाऊन या. खांबांच्या बुडाशी खड्डा दिसला तर फोटो काढून बांधकाम उपविभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सांध्यात हाताला येईल असं पिंपळाचं रोप दिसलं तर ते कोवळं असतानाच मुळासकट उपटा, आणि मुंज्याची भीती वाटत असेल तर देवळाच्या आवारात नेऊन लावा. तिथे त्याला पारही मिळेल.